स्वर्ग उलटा वाचला, तेव्हा

घरात पडलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजीत 'हेव्हन' लिहा. हेव्हन म्हणजे स्वर्ग. एच, ई, ए, व्ही, ई, एन अशी सहा अक्षरं. आता बोट शेवटच्या अक्षरावर ठेवा आणि मागे मागे वाचत या. एन, ई, व्ही, ए, ई, एच.

खरं तर यातून काही निघायला नको होतं. शब्द शेपटीला धरून ओढला की हाती बहुधा कचराच येतो. 'एंजल' उलटा केला की 'लेग्ना' होतं. या नावाच्या मुलीनं आठवड्याभरात शाळा सोडली असती. 'स्टार' उलटला की 'रॅट्स', म्हणजे आकाशातला तारा थेट बिळात. 'लव्ह'चं 'एव्हॉल' होतं आणि त्याला दुष्टपणाचा वास येतो. 'गॉड' उलटला की काय होतं ते तर इंग्रजी दुसरीतलं पोरही खिदळत सांगेल. पण 'हेव्हन'ची सहा अक्षरं उलटी फिरली आणि त्यातून चक्क एक मुलगी बाहेर आली. तिचं नाव नव्हेया. म्हणताना जोर 'व्हे'वर द्यायचा.

हे नाव अमेरिकेतलं. 1999 साली त्या अख्ख्या देशात जन्मलेल्या मुलींपैकी किती जणींचं नाव नव्हेया होतं? आठ. वीसेक लाख मुलींत आठ! 2001 साली ते मुलींच्या पहिल्या हजार नावांच्या यादीत उतरलं ते एकदम 266व्या क्रमांकावर. नवं नाव सहसा नऊशे-साडेनऊशेच्या आसपास, दाराशी चप्पल काढून, अंग चोरत आत येतं. हे थेट बैठकीत जाऊन बसलं. 2005 साली ते 70वं झालं आणि त्या एका वर्षात 4,457 नव्हेया जन्मल्या. आठाच्या 4,457 व्हायला सहा वर्षं लागली. हिशेब मांडून बघा, सरासरी दर आठ महिन्यांनी दुप्पट! एक गरोदरपण पुरतं संपेपर्यंतही हे नाव थांबायला तयार नव्हतं. इतक्या झपाट्यानं वर चढलेलं दुसरं नाव तोवरच्या शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदींत सापडलं नाही.

शंभर वर्षांच्या नोंदी, त्याही इतक्या नेमक्या, कुठून आल्या? यातसुद्धा गंमत आहे. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो, आपल्या आधारचा थोरला भाऊच म्हणा. तो मागणाऱ्या अर्जावर नाव असतंच. म्हणजे कोट्यवधी नावं सरकारी कपाटात पडून होती, फक्त ती मोजावीत असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. 1997 मध्ये त्या खात्यातल्या मायकल शॅकलफर्ड नावाच्या विमागणितज्ञाच्या आलं. त्याच्या घरी पाळणा हलणार होता आणि स्वतःच्या नावाला तो विटला होता, कारण 'मायकल' हे नाव अमेरिकेत दशकानुदशकं मुलांच्या यादीत पहिलं. वर्गात हाक मारली की चार जण वळायचे! आपल्या लेकराच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून त्यानं फावल्या वेळात नावं मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. आज 1880 पासूनची यादी कोणालाही बघता येते. एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव तेवढं झाकून ठेवतात, खासगीपणाला धक्का लागू नये म्हणून. 1999 मधल्या आठ नव्हेया त्या पडद्याच्या जेमतेम अलीकडे उभ्या होत्या, म्हणून आपल्याला दिसल्या.

आता प्रश्न उरतो तो ठिणगीचा. आग लागली हे आकडे सांगतात, काडी कोणी ओढली?

बहुतेक नावांच्या बाबतीत हा शोध फसतो. नावं हवेतून येतात. मावसबहिणीनं कुठे ऐकलं, मालिकेत आलं, शेजारणीच्या नातीचं होतं. पण या नावाच्या बाबतीत बोट जवळजवळ एका क्षणावर ठेवता येतं. 2000 साली सॅन डिएगोच्या पी. ओ. डी. या रॉक बँडचा गायक सनी सँडोव्हाल एमटीव्हीवर झळकला. बँडच्या नावाचा पूर्ण अर्थ 'मृत्यूनंतर देय', म्हणजे विम्याच्या कागदावर शोभेल असा; पण ही मंडळी धार्मिक ख्रिस्ती, येशूवर श्रद्धा असलेली आणि तरी गिटार बडवणारी. सनीच्या कडेवर त्याची तान्ही लेक होती. तिचं नाव नव्हेया, हेव्हन उलटं लिहिलं की होतं ते, असं त्यानं सांगितलं.

झालं! एवढंच. कोणी जाहिरात केली नाही, सिनेमा निघाला नाही, कोणती राजकन्या जन्मली नाही. पण त्या एका वाक्याची रचना बघा. नाव, अर्थ आणि युक्ती, तिन्ही एका दमात. आणि युक्ती अशी की ऐकणाऱ्याला स्वतः करून बघावीशी वाटते. पेन उचला, लिहा, उलटं वाचा, आणि 'अरेच्चा!' म्हणा. हा 'अरेच्चा' एकदा तोंडातून निघाला की माणूस गप्प राहत नाही, तो पुढच्याला सांगतो. कोड्यांचं, उखाण्यांचं आणि अफवांचं असंच होतं. या नावाच्या पोटातच ते पसरवायचं इंजिन बसवलेलं होतं.

तरीही, नुसत्या युक्तीवर पोरीचं नाव ठेवत नाहीत. नाव नावासारखं दिसावं लागतं. आणि इथे मला या शब्दाचं सर्वांत जास्त नवल वाटतं.

इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटचा तो 'एच' पुन्हा बघा. 'हेव्हन'च्या तोंडाशी होता तोवर तो साधा ह होता, मजूर अक्षर. उलटापालट झाली आणि तो शेवटी जाऊन बसला. तिथे बसताच त्याची जात बदलली! कारण शेवटी मुका एच असणं ही बायबलमधल्या बायकांची खूण. सारा, लीआ, हॅना. या सगळ्यांच्या रोमन स्पेलिंगच्या टोकाला हा न बोलणारा एच पदरासारखा लटकत असतो. म्हणजे काल-परवा पाडलेलं नाव दिसायला तीन हजार वर्षांचं जुनं! त्यात ती वेळ बघा. तेव्हा अमेरिकेत मुलींमध्ये हॅना हे नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि हॅना कसं लिहितात? एच, ए, एन, एन, ए, एच. सुलटं वाचा, उलटं वाचा, तेच. उलटं वाचायच्या नावासाठी जमीन आधीच नांगरून ठेवल्यासारखी.

शिवाय मधला तो 'व्ही'. एव्हा, ऑलिव्हिया यांचे दिवस वर येत होते तो हाच काळ. स्टॅन्ली लीबरसन या समाजशास्त्रज्ञानं 2000 सालीच नावांच्या फॅशनवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं की नावांची आवड बाहेरच्या घटनांपेक्षा आतल्या आवाजांवर चालते. एक ध्वनी रुळतो, मग त्याची चुलतभावंडं येतात, आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी साफ वेगळं निवडलं. मनगटात किती बांगड्या वाजतायत ते ऐकून माणसं आणखी एक चढवतात, जराशी निराळ्या रंगाची. नव्हेया ही नेमकी तशी बांगडी होती. सिनेतारकांची नावं टीव्हीवर रोज येतात आणि विरून जातात. ठिणगी पडली ती वाळक्या गवतावर.

आता एक कोडं. 'हेव्हन' या शब्दात अवयव किती? हे, व्हन. दोन. 'नव्हेया'त किती? न, व्हे, या. तीन. अक्षरं तीच सहा, ना एक वाढलं ना एक गळलं. मग हा तिसरा अवयव आला कुठून?

'हेव्हन'मध्ये 'ई' आणि 'ए' ही दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि दोघं मिळून एकच आखूड आवाज काढतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये असे आळशी संसार पुष्कळ. उलटताना हीच जोडी पाठमोरी झाली, आणि त्या दोघांनी वेगळं बिऱ्हाड केलं! 'ए'नं 'व्ही'चा हात धरून लांबलचक 'व्हे' केला, 'ई'नं त्या मुक्या 'एच'शी सूत जमवून 'या' केला. कोणी ठरवलं नव्हतं हे. अक्षरं उलटी झाली आणि वाचणाऱ्याच्या जिभेनं आपली आपण वाट काढली. खरा आवाज उलटवायचा असेल तर मोबाइलवर 'हेव्हन' म्हणून ते रेकॉर्डिंग मागून वाजवा. 'नव्हेह' असं काहीतरी घशात अडकलेलं ऐकू येईल. नव्हेया ऐकू येणार नाही. म्हणजे हे नाव कानात जन्मलंच नाही. ते कागदावर जन्मलं.

आणि म्हणूनच ते आपल्याकडे जन्मूच शकलं नसतं! रोमन लिपीत स्वर आणि व्यंजनं सुट्ट्या मण्यांसारखी असतात, दोऱ्यातून काढा आणि उलटी ओवा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आपल्या व्यंजनाला घट्ट धरून असतात. उलटवलं तरी मात्रा आपलं अक्षर सोडत नाही. करून बघा. हे, व्ह, न. उलटं म्हणा: न, व्ह, हे. जरा घाईत म्हणा. नव्हे! स्वर्ग उलटवला आणि मराठीनं चोख उत्तर दिलं. ('स्वर्ग' उलटवायच्या फंदात पडू नका. 'र्गस्व' म्हणताना कवळी पडेल.)

पण आपल्या लिपीत उलटण्याची मजा कमी नाही, तिची चाल निराळी आहे. वाल्या कोळ्याला 'राम' म्हणता येईना, तेव्हा 'मरा, मरा' म्हणायला सांगितलं आणि म्हणता म्हणता राम झाला, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. तिथे उलटापालट कानानं होते; पाटी लागत नाही. 'ती होडी जाडी होती' हे आपण सगळ्यांनीच शाळेत उलटंसुलटं म्हटलंय. आणि नावं? राधा उलटली की धारा. रमा उलटली की मार, म्हणून कोणा रमाला हे सांगू नका. लता उलटली की? ताल! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला होता. नवीन आणि कनक तर उलटतच नाहीत, कुठूनही या, तेच.

आपल्याकडे नावाचा प्रवेशच मुळी कानातून होतो. बारशाला पाळण्याशी वाकून आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते, पाठीवर बायकांचे धपाटे खात. आता कल्पना करा, त्या आत्याला 'नव्हेया' सांगायचंय. ती सांगेल. बाळ ऐकेल. जमलेल्या बायका म्हणतील, छान आहे, आमच्या नव्यासारखंच. पण आतला स्वर्ग? तो कोणालाच ऐकू येणार नाही. त्यासाठी आत्यानं पाटी-पेन्सिल आणायला हवी.

उलट्या नावांचं कूळ लहान आहे, पण आहे. स्कॉटलंडमध्ये 'सेंगा' नावाच्या बायका असतात. ॲग्नेस उलटं केलं की सेंगा, असं तिथले लोक सांगतात. अमेरिकेतल्या बेसबॉलपटू नोमार गार्सियापारा याच्या वडिलांचं नाव रमोन; उलटं वाचा, मुलगा मिळेल. आणि या कुळातलं माझं लाडकं लेकरू माणूसच नाही. विजेच्या अडथळ्याचं एकक 'ओहम' तुम्ही शाळेत शिकलात. मग अडथळ्याच्या उलट, म्हणजे वीज किती सहज वाहते, ते कशात मोजायचं? लॉर्ड केल्विननं 1883 मध्ये सुचवलं, ओहम उलटं लिहा: 'म्हो'. चिन्हसुद्धा तेच, ओमेगा पालथा घातलेला! पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेनं त्याला सीमेन्स हे सभ्य नाव दिलं आणि विज्ञानातली एक गंमत कमी झाली.

2005 मध्ये नव्हेयानं ज्यांना मागे टाकलं त्यांत 'व्हनेसा' हे नाव होतं. किती भारदस्त, किती जुनं वाटतं ना? तेही असंच कागदावर पाडलेलं आहे! 'गलिव्हर'वाला जोनाथन स्विफ्ट. त्याची एक मैत्रीण होती, एस्थर व्हानोम्री. आडनावाचं पहिलं 'व्हॅन' उचललं, एस्थरच्या लाडक्या रूपातलं 'एसा' जोडलं, झाली व्हनेसा. तिच्यावर लिहिलेल्या दीर्घ कवितेत स्वतःला त्यानं 'कॅडेनस' म्हटलं. तो चर्चचा डीन होता आणि डीनला लॅटिनमध्ये म्हणतात 'डेकॅनस'. अक्षरं ढवळा, कॅडेनस मिळेल. कविता 1726 मध्ये छापली गेली. 1807 मध्ये फॅब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञानं फुलपाखरांच्या एका प्रजातिगटाला हेच नाव दिलं. नारिंगी-काळ्या पंखांचं 'पेंटेड लेडी' फुलपाखरू आपल्या सह्याद्रीतही दिसतं. त्याचं शास्त्रीय नाव व्हनेसा कार्डुई. एका आयरिश पाद्र्याचा खासगी खेळ असा आपल्या डोंगरातल्या घाणेरीच्या फुलावर येऊन बसतो. आणि तीनशे वर्षांनी अक्षरांच्या अशाच एका खेळातून झालेली दुसरी मुलगी तिच्यावर कुरघोडी करते!

नव्हेया इतकं लोकप्रिय, तर मग आईबापांना वाटतं तसं दुर्मिळ कसलं? आकडा जरा जवळून बघा. 1880 साली अमेरिकेच्या या नोंदींतल्या दर शंभर मुलींत सात जणी मेरी होत्या. दर चौदा-पंधरा पोरींमागे एक! हल्ली पहिल्या क्रमांकाचं नावसुद्धा शंभरात एकीच्या आसपासच घुटमळतं. नावांचा ढीग इतका पसरलाय की शिखरच बुटकं झालंय. 2005 ची 70व्या क्रमांकाची नव्हेया म्हणजे साडेचारशे मुलींत एक. यादीत झळकतं, वर्गात मात्र बहुधा एकटीच. दर आईला वाटत असणार की हे आपल्यालाच सुचलं, आणि त्याच वर्षी आणखी साडेचार हजार आयांना ते सुचलेलं.

मूळ 'हेव्हन'चं काय झालं? तेही मुलीचं नाव म्हणून चालतं, यादीतही आहे. पण त्याला पहिल्या शंभरात कधी जागा मिळाली नाही. मला वाटतं, लेकीला सरळ 'स्वर्ग' म्हणायला माणूस लाजतो. नजर लागेल, लोक हसतील. उलटं केलं की स्वर्ग राहतो आणि पदराआड राहतो. देवाचं नाव उघडही घेतलं आणि झाकूनही ठेवलं.

2010 मध्ये नव्हेया 25व्या क्रमांकावर पोहोचली. तिथून उतरण. जोनाह बर्गर आणि गाएल ल मेन्स या दोघा संशोधकांनी 2009 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतली शंभर वर्षांची नावं तपासून दाखवलं होतं की जे नाव झपाट्यानं चढतं ते उतरतंही झपाट्यानं, कारण आईबापांना त्यात 'चार दिवसांची फॅशन' दिसू लागते. त्या हिशेबानं नव्हेया कधीच जमीनदोस्त व्हायला हवी होती. ती उतरली खरी, पण आपटली नाही. पहिल्या शंभरात दहा वर्षं तरी टिकून राहिली.

चढणीच्या त्याच वर्षांत पहिल्या हजारांत आणखी एक नाव डोकावलं. ऐकायला अगदी हेच, पण स्पेलिंग बघा: एन, ई, व्ही, ई, ए, एच. 'ए' आणि 'ई'ची अदलाबदल. अर्ज भरताना कोणाचा हात घसरला, कोणाला सवयीची अक्षरजोडी बरी वाटली, कोणी मुद्दाम लिहिलं. सरकारी यादी दोन्ही नावं वेगवेगळी मोजते. आता हिचं नाव उलटं वाचा. एच, ए, ई, व्ही, ई, एन. असा स्वर्ग कुठल्याच कोशात नाही. इंग्रजीच्या बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली असती. पण पाळण्यावर वाकलेल्या आत्याला हा फरक सांगून बघा. ती पाठीवरचे धपाटे खात म्हणेल, अगं, मी तेच तर म्हणतेय.